सरळरेषेकाका

"कितीला दिलं?" असं सरळरेषेकाका कधीच विचारत नाहीत. त्यांचे प्रश्न दोन आणि तेही ठरलेले. "सुरू कितीपासून होतं?" आणि "वाढतं कितीनं?" समोर केटरर असो, केबलवाला असो, नाहीतर नातीच्या भरतनाट्यमच्या बाई असोत, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय काकांचा हात खिशाकडे जात नाही. मिळाली तरी लगेच जातो असं नाही.

काकांचं खरं आडनाव वेगळं आहे, दारावर पितळी पाटीही आहे. पण सोसायटीतल्या दहावीच्या पोरांनी कधीतरी त्यांचं हे बारसं केलं आणि आता कुरिअरवालाही खाली येऊन "सरळरेषे कितवा मजला?" असं विचारतो. काकांना नाव पसंत आहे. त्यांच्या मते माणसाचं आडनाव हा वडिलांकडून आलेला आंतरछेद असतो आणि टोपणनाव ही स्वतःची कमाई.

बुशशर्टच्या खिशात एक घडी घातलेला आलेख कागद, सहा इंची पट्टी आणि पेन्सिल. पेन कधीच नाही, कारण "पेनानं काढलेल्या रेषेत अहंकार असतो." कागद उलगडला की समजावं, आता कुणाचं तरी बिंग फुटणार. "दोन बिंदू द्या," काका म्हणतात, "बाकीचं माझ्यावर सोडा." आणि खरंच, दोन बिंदूंवर त्यांचं भागतं. दोन्हींच्या वायमधला फरक घ्यायचा, त्याला एक्समधल्या फरकानं भागायचं, की चढ मिळाला. मग त्या चढानं एका बिंदूच्या एक्सला गुणायचं, तो गुणाकार वायमधून वजा करायचा, की आंतरछेद हातात. एक्स शून्य असताना जे शिल्लक असतं ते. वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस सी; एम म्हणजे चढ, सी म्हणजे आंतरछेद. हे आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलं आणि पेपर टाकल्या टाकल्या विसरलो. काका विसरले नाहीत, एवढाच काय तो त्यांच्यात आणि आपल्यात फरक, आणि तो फरक सगळ्या सोसायटीला महागात पडतो.

पुण्यातल्या रिक्षाचंच घ्या. २०२२ च्या सप्टेंबरात दर ठरले ते असे: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढं प्रत्येक किलोमीटरला १७. तुम्हीआम्ही "वाढले बुवा" म्हणून गप्प बसलो. काकांनी कागद काढला. साडेतीन किलोमीटरला ५९ रुपये, साडेपाचला ९३. फरक ३४, अंतर दोन, चढ १७. इथवर रिक्षावाल्याचीही हरकत नव्हती. पण मग काकांनी पट्टी लावून ती रेषा मागं मागं ओढत नेली आणि ती वाय अक्षाला शून्याच्या खाली जाऊन भेटली. सी बरोबर उणे अर्धा.

"म्हणजे बघा," काका मागच्या सीटवरून पुढं झुकून म्हणाले, "शून्य किलोमीटरला तुम्हीच मला आठ आणे देणं लागता."

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "न बसता उतरून दाखवा काका, लगेच देतो."

खरं तर पहिल्या दीड किलोमीटरात ती तिरकी रेषा लागूच होत नाही. तिथं भाडं आडवं पडून असतं, २५ म्हणजे २५, चढ शून्य. हे काकांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण आंतरछेद उणे आला, हा आनंद त्यांना सोडवत नाही. शिवाय त्यांचे साडू मुंबईला असतात. तिथं २०२५ च्या फेब्रुवारीपासून रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरचे २६ रुपये आणि पुढं किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. काकांनी ती रेषाही मागं नेली, ती २९ पैशांवर निघाली. अधिक २९. त्याच रात्री साडूंना फोन गेला. "तुमच्याकडे नुसतं रिक्षाकडे बघायचे २९ पैसे घेतात. आमच्याकडे आठ आणे देतात!" पुणे श्रेष्ठ की मुंबई या वादात आजवर पुष्कळ पुरावे सादर झाले आहेत, पण दशांश चिन्हासकट आलेला हा पहिलाच असावा.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि या वेडाचं मूळ तिथं आहे. सारी उमेदीची वर्षं लेव्हलच्या दुर्बिणीला डोळा लावून आणि उन्हात स्टाफ धरून उभ्या राहिलेल्या माणसाला "जरा डावीकडे, जरा डावीकडे" करत गेली. कालव्याला उतार जास्त दिला तर पाणी काठ खरवडून नेतं, कमी दिला तर गाळ साचतो. हजारो फुटांमागं एखादा फूट, असा तो नाजूक कारभार. तेव्हापासून काकांना सपाट जागा दिसतच नाही. जिथं तिथं चढ किंवा उतार. मुंबईहून पुण्याला येताना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागली, की सगळा डबा वडापावकडे वळतो आणि काका अर्धी भरलेली पाण्याची बाटली खिडकीशी उभी धरतात. बोरघाटाचा चढ ३७ ला १. सात सेंटीमीटर रुंदीच्या बाटलीत पाण्याची एक कड दुसरीपेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर वर दिसायला हवी. काका ती समोरच्या प्रवाशाला दाखवतात. तो तोंडातला घास सांभाळत मान डोलावतो. दिसलेलं त्याला काहीच नसतं.

आता माझं मत सांगतो. काकांची कटकट मान्य करूनही माणूस मला पटतो. कारण विकणाऱ्यांची सारी कला दोनांपैकी एकच आकडा मोठ्यानं सांगण्यात असते. "महिना फक्त अमुक" असं जिथं लिहिलेलं असतं तिथं चढ दाखवलेला असतो आणि प्रवेश फी, डिपॉझिट, प्रोसेसिंग चार्जेस असा भलामोठा सी काउंटरच्या मागं दबा धरून असतो. "प्रवेश विनामूल्य" असेल तिथं सी शून्य, आणि आत गेल्यावर पाण्याच्या बाटलीपासून चढाला सुरुवात. आपण दाखवलेल्या आकड्याकडे बघतो. काका न दाखवलेल्याचा वास घेत फिरतात.

मात्र कधीकधी हा वास भलतीकडे नेतो. मंडईत एका मावशींकडे मटार होता. पाव किलो २० रुपये, किलो ७०. साधा व्यवहार आहे, जास्त घ्या, थोडं स्वस्त पडेल. पण काकांना दोन बिंदू मिळाले होते. पाऊण किलोचा फरक, ५० रुपये. चढ ६६ रुपये ६७ पैसे. पावशेराचे त्यातले १६ रुपये ६७ पैसे. उरले तीन रुपये तेहतीस पैसे.

"मावशी, तुमचा आंतरछेद तीन तेहतीस येतोय."

"काय येतंय?"

"म्हणजे मी काहीच घेतलं नाही, शून्य किलो, तरी तुमच्या हिशेबानं मी तीन रुपये तेहतीस पैसे द्यायला लागतो."

मावशींनी तागडी खाली ठेवली. मागं गिऱ्हाइकांची रांग लागली होती. "मग द्या की," त्या म्हणाल्या. "मघापासून काहीच न घेता उभे आहात ते. आणि वरचे पैसे नाहीत माझ्याकडे, चार द्या."

काकांनी चार रुपये दिले. सिद्धान्त आपल्या बाजूनं सिद्ध झाला म्हणून दिले, असं त्यांनी घरी सांगितलं. मटार आणला नाही म्हणून काकूंनी काय सांगितलं ते कळलं नाही.

माणसांनाही काका याच कागदावर मांडतात. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला स्थळ आलं, तेव्हा वडीलधारे म्हणून त्यांना बोलावलं होतं. मुलाकडच्यांनी सुरुवात केली: कोथरूडला स्वतःचा तीन खोल्यांचा फ्लॅट, गावाकडे बागायत, दारात गाडी. काका शांतपणे पोहे खात ऐकत होते. मग म्हणाले, "हा सगळा सी झाला. तो वडिलांचा. चिरंजीवांचा एम किती?" कुणाला काही कळेना, तेव्हा त्यांनी सोपं करून विचारलं, "तीन वर्षांपूर्वी पगार किती होता आणि आज किती आहे?" मुलगा प्रामाणिक निघाला. तेवढाच आहे म्हणाला. "आडवी रेषा," असं म्हणून काकांनी बशी खाली ठेवली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. लग्न मात्र झालं. मुलीची आई नंतर म्हणाली, रेषा आडवी असली म्हणून काय झालं, कोथरूडच्या उंचीवरून तर जातेय ना? यावर काकांकडे उत्तर नव्हतं. लग्नात ते जेवले भरपूर आणि केटररला गाठून ताटांचे दोन आकडे मात्र मिळवलेच.

काकांची खरी गाजलेली कामगिरी म्हणजे गेल्या खेपेची सर्वसाधारण सभा. विषय नेहमीचाच, मेंटेनन्स. ज्यांनी सोसायटीत दिवस काढलेत त्यांना सांगायला नको, की जगातल्या सगळ्या सोसायट्यांत हे एकच भांडण दोन बाजूंनी चालू असतं. मोठ्या फ्लॅटवाल्यांचं म्हणणं, सगळ्यांना सारखं बिल हवं, कारण लिफ्ट आणि वॉचमन सगळ्यांचाच. छोट्या फ्लॅटवाल्यांचं म्हणणं, चौरस फुटावर हवं, कारण ते न्यायाचं. म्हणजे मोठ्यांना नुसता सी पाहिजे आणि छोट्यांना नुसता एम. आदर्श उपविधींनी मध्यम मार्ग काढलाय: सेवाशुल्क सर्वांना समान, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड मात्र फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर, वर्षाला अनुक्रमे किमान पाऊण आणि पाव टक्का. दोन्ही मिळून एक टक्का. पण उपविधी वाचून सभेला येणारा सभासद अजून जन्मायचाय.

चेअरमन नेहमीप्रमाणे तापले होते. काकांनी त्यांना कधीचं उभ्या रेषेत घातलं आहे. उभ्या रेषेचा चढ शून्य नसतो, तो सांगताच येत नाही, कारण शून्यानं भागायची वेळ येते. चेअरमनचंही तेच. विषय पुढं इंचभर सरकत नाही, आवाज मात्र चढत जातो. सेक्रेटरी म्हणाले, "बिलं कॉम्प्युटर काढतो, त्यात कुणाचा हात नाही." इथं काकांनी कॅरमबोर्डवर आलेख कागद पसरला.

"कुणी दोन बिलं द्या."

पाचशे फुटांच्या फ्लॅटचं बिल आलं, २,९००. अकराशे फुटांचं आलं, ३,५००. काकांनी दोन टिंबं काढली, पट्टी ठेवली. सहाशे फुटांना सहाशे रुपये, चढ फुटाला एक रुपया. २,९०० वजा ५००, आंतरछेद २,४००. "सेवाशुल्क दरमहा २,४००," काकांनी जाहीर केलं. "आणि फुटाला महिन्याला रुपया म्हणजे वर्षाला बारा. बारा म्हणजे एक टक्का. तेव्हा बांधकाम खर्च फुटाला १,२०० धरलाय. बरोबर?" सेक्रेटरींनी फाईल उघडून पाहिली आणि मिटली. बरोबर होतं. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली आणि एकटीच पडल्यामुळं तिचा डास मारल्यासारखा भास केला.

इथं काका थांबले असते तर ते काका कसले? "आता तिसरं बिल," ते म्हणाले. "दोन बिंदूंतून रेषा कुणीही काढील. तिसरा तिच्यावर बसला पाहिजे." बिलांच्या गठ्ठ्यातून हाताला लागलं ते आठशे फुटांचं. रेषा सांगत होती ३,२००. बिल होतं २,७००. काकांनी टिंब काढलं. ते रेषेच्या खाली एकटंच लटकत राहिलं. सगळे वाकून बघायला लागले. मग कुणीतरी बिलावरचा फ्लॅट नंबर वाचला. फ्लॅट सेक्रेटरींचा होता.

"महिना पाचशे," मागच्या रांगेतून बँकेतून निवृत्त झालेल्या वहिनी म्हणाल्या. "नऊ वर्षं सेक्रेटरी आहेत. चोपन्न हजार." व्याज त्यांनी सौजन्य म्हणून धरलं नाही.

सेक्रेटरी मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "पाणीपट्टी नळांच्या संख्येवर असते," ते शांतपणे म्हणाले. "माझ्याकडे नळ कमी आहेत. उपविधी वाचा." आणि हेही खरंच आहे, पाण्याचा आकार नळांची संख्या आणि आकार पाहून लावायचा असं उपविधीत आहे. काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एक्स एकटा नव्हता तर! चौरस फूट हा एक एक्स आणि नळ हा दुसरा. दोन एक्स आले की रेषा उरत नाही, प्रतल होतं, आणि प्रतलाला दोन बिंदू पुरत नाहीत. कॅरमबोर्डवर तर ते मावतही नाही.

दुसरा कुणी असता तर हरला असता. काकांनी सभा आठवडाभर पुढं ढकलायला लावली आणि घरोघर जाऊन नळ मोजले. वॉशिंग मशीनचा, गच्चीवरचा, देवघराशेजारचा, सगळे. दुसऱ्या सभेत तक्ता लागला. सेक्रेटरींकडे नऊ नळ निघाले, कमी म्हणावेत असे मुळीच नाहीत, तेव्हा त्यांचे चोपन्न हजार चर्चेला आले ते आलेच. पण सगळ्यांत जास्त नळ निघाले ते काकांकडे. अकरा. पाटबंधाऱ्याचा माणूस, जिथं जागा मिळेल तिथं पाणी नेऊन ठेवलेलं. गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून प्रत्येक मोरीचा ढाळ स्वतः काढून घेतलेला, तो पाण्याखाली तपासायला नळ नको?

आता काकांचं बिल सोसायटीत सगळ्यांत चढं आहे. "चढलं," ते म्हणतात, "पण रेषेवर आहे." काकू यावर काही म्हणत नाहीत. पण त्यानंतर घरातले दोन नळ बंद करून घेण्यात आले, ते प्लंबरला कुणी बोलावून घेतले हे सांगायला नको.

काकांच्या रेषेला खरा अटकाव होतो तो काकूंकडूनच. काकूंना पट्टी लागत नाही. मीठ अंदाजानं, माणसंही अंदाजानं, आणि अंदाज सहसा चुकत नाही. नातू न्यू जर्सीला असतो. तिथल्या शाळेत वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस बी शिकवतात. सीच्या जागी बी बघून काका दोन दिवस जेवले नाहीत धड. तरी व्हिडिओ कॉलवर नातवानं उंची सांगितली: दहाव्या वर्षी १४० सेंटीमीटर होती, आता बाराव्या वर्षी १५२. काकांनी तिथल्या तिथं रेषा काढली. वर्षाला सहा, आंतरछेद ऐंशी.

"म्हणजे जन्मला तेव्हा ऐंशी सेंटीमीटर होता."

"अहो, बाळंतपणाला मी गेले होते," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पन्नास सेंटीमीटरचं होतं पोर. ऐंशीचं असतं तर सुनेनं पुन्हा तोंड नसतं बघितलं आपलं."

"मोजताना पाय दुमडले असतील."

"आणि तुमच्या वयाचा झाला की किती होईल?"

काकांनी पेन्सिल चालवली. ते सत्तरीचे. पाच मीटर होत होतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि तिकडे पाऊस आहे का, असं नातवाला विचारलं.

हल्ली काकांना साखर निघालीय. डॉक्टरांनी घरी तपासायचं यंत्र घ्यायला सांगितलं, आणि काकांच्या हाती दोन बिंदू लागायला कितीसा वेळ? उपाशीपोटी ११८. दसऱ्याला दोन जिलब्या खाऊन दोन तासांनी १७८. त्यांनी कागद काकूंसमोर ठेवला. "चढ जिलबीमागं तीस. म्हणजे अर्ध्या जिलबीला फक्त पंधरा. घाबरण्यासारखं काहीच नाही, सगळं रेषेत आहे."

काकूंनी चष्मा लावून कागद नीट पाहिला. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, त्यांनाही वाचता येतो आता.

"हे खाली ११८ आहे, ते तुमचं ते आंतरछेद ना?"

"अगदी बरोबर!"

"एक्स शून्य असताना?"

"वा!"

"मग आजपासून एक्स शून्य," काकू म्हणाल्या आणि जिलबीचा डबा वरच्या फळीवर गेला.

काका बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "अगं, पण श्रीखंडाचा अक्ष वेगळा धरायचा असतो."